गेलेल्यांची कमाई आणि आपला हिशेब



१४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. शिवाजी सावंत यांच्या त्याच नावाच्या मराठी कादंबरीवर तो आधारलेला आहे आणि छत्रपती संभाजी महाराजांचा पराक्रम व त्यांचा छळ करून झालेला वध हा त्याचा विषय आहे. लाखो लोकांनी तो पाहिला. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतील मुलांनीही पाहिला, कोणी चित्रपटगृहात, कोणी मित्राच्या मोबाइलवर. चित्रपट पाहावा की पाहू नये, याविषयी आलिमांची मते आहेत आणि हा लेख त्यासाठी नाही. मुलांनी तो पाहिला आहे, एवढे धरून पुढे बोलणे भाग आहे. कारण शेवटची दृश्ये पाहून आलेल्या वर्गमित्रांमध्ये दुसऱ्या दिवशी बसायचे होते ते याच मुलांना. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी सातवी-आठवीतल्या मुलाने दप्तर खाली ठेवता ठेवता विचारले असेल, "अब्बा, तो बादशहा आपला होता का?"

या प्रश्नाला बहुतेक घरांत दोनपैकी एक उत्तर मिळाले. एक, "गप्प बस, बाहेर असले काही बोलू नकोस." दुसरे, "सगळे खोटे आहे, आपल्याला बदनाम करण्यासाठी रचले आहे." पहिल्या उत्तराने मुलाच्या मनात भीती राहिली, दुसऱ्याने चीड. आणि ज्यांना घरात काहीच उत्तर मिळाले नाही, अशा काही तरुणांनी आपले उत्तर स्वतःच शोधले. त्यांनी त्याच बादशहाचे चित्र मोबाइलच्या स्टेटसवर लावले. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात अशाच काही स्टेटसांवरून शहर बंद झाले, दगडफेक झाली, निरपराध लोकांच्या दुकानांचे नुकसान झाले. स्टेटस लावणारी काही मोजकी मुले होती. किंमत मोजणारे मात्र कितीतरी अधिक होते.

चित्रपटानंतर महिनाभरातच खुलताबाद येथील औरंगजेबाची कबर हटवण्याची मागणी जोर धरू लागली. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात या मागणीसाठी आंदोलन झाले. त्यात पवित्र आयती असलेली चादर जाळली गेल्याची बातमी पसरली आणि रात्री महाल व आसपासच्या भागात दगड उडाले, वाहने जळाली. तीसहून अधिक पोलिस जखमी झाले. अनेक वस्त्यांत संचारबंदी लागली. एक मुस्लिम गृहस्थ जखमी होऊन काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावले. या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उफाळून आला, असे राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीही विधानसभेत बोलून दाखवले आणि त्याचबरोबर शांततेचे आवाहन केले. ज्याला मरून ३१८ वर्षे झाली त्याच्यावरचा राग आणि ज्यांच्या घरांच्या काचा फुटल्या ते आजचे लोक! नागपूर आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर आहे. तेथे आपली लेक दिलेली असते, मुलगा शिकत असतो, दवाखान्यासाठी आपण तेथेच जातो.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला दिलेच पाहिजे आणि ते दीनच्या आधारे दिले पाहिजे.

उत्तराची सुरुवात सत्यापासून व्हावी. संभाजी महाराज १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वर येथे पकडले गेले आणि ११ मार्च १६८९ रोजी हालहाल करून त्यांना मारण्यात आले. चित्रपटातील एखादा प्रसंग कल्पित असेल, रंग गडद केलेला असेल. त्याची चर्चा इतिहासाच्या अभ्यासकांनी करावी. परंतु बंदिवानाचा अमानुष छळ झाला, ही गोष्ट काही चित्रपटाने निर्माण केलेली नाही. आणि बंदिवानाच्या शरीराची विटंबना करणे इस्लाममध्ये निषिद्ध आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) लष्कर रवाना करताना ज्या सूचना देत, त्यांत मुलांना मारू नये आणि कोणाच्याही देहाचे अवयव तोडून विटंबना करू नये, असे स्पष्टपणे सांगत. ही मनाई मुस्लिम शरीफमधील हदीसमध्ये आलेली आहे. मग ज्याने ही मर्यादा ओलांडली त्याचे नाव मुसलमानाचे होते म्हणून आपण तिला मर्यादा म्हणायचे थांबवायचे काय? सूरह अन-निसा (आयत १३५) मध्ये श्रद्धावंतांना आदेश आहे की न्यायावर ठाम राहावे आणि साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी ती खरीच द्यावी. येथे तर नातलगही नाहीत. आईवडिलांविरुद्ध खरी साक्ष देण्यास बांधलेला माणूस सतराव्या शतकातील एका बादशहाचा वकील होण्यासाठी एवढा का धडपडतो, हे मला उमगत नाही.

या बादशहाने आपल्या बापाला कैदेत ठेवले आणि सख्ख्या भावाला, दारा शिकोहला, ठार करवले. विजापूर (१६८६) आणि गोवळकोंडा (१६८७) ही मुसलमान सुलतानांचीच राज्ये त्याने बुडवली. त्याच्या फौजेत राजपूत सरदार होते आणि शिवाजी महाराजांच्या आरमारात व फौजेत मुसलमान होते. त्या काळची युद्धे राज्यासाठी होती. धर्माचे नाव त्यांत गरजेप्रमाणे येई आणि गरजेप्रमाणे मागे राही. हे सांगताना औरंगजेबाने टोप्या शिवल्या, कुरआनच्या प्रती लिहिल्या, या गोष्टीही कोणी पुढे करील. त्या त्याच्या खात्यात जमा असतील. हिशेब घेणारा अल्लाह आहे आणि त्याच्या तराजूला आपल्या मदतीची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू: "तो आपला होता का?" या प्रश्नाचे उत्तर सूरह अल-बकरहमध्ये एकदा नव्हे तर दोनदा, १३४ व्या आणि १४१ व्या आयतीत, त्याच शब्दांत आलेले आहे. आशय असा की, तो एक समुदाय होता, तो होऊन गेला; त्याने जे कमावले ते त्याचे, तुम्ही जे कमवाल ते तुमचे; आणि त्यांच्या कृत्यांविषयी तुम्हाला विचारले जाणार नाही. ही आयत कोणाविषयी आहे, याकडे कृपया लक्ष द्या. कोणा जुलमी राजाविषयी ती नाही. तिच्या आधी हजरत इब्राहीम, इस्माईल, इसहाक आणि याकूब (अलै.) यांचा उल्लेख आहे. म्हणजे ज्यांच्या वंशात असणे ही सर्वांत मोठी प्रतिष्ठा मानली जात होती, त्या प्रेषितांची पुण्याईसुद्धा वारशाने मिळत नाही, असे येथे सांगितले आहे. मग एखाद्या बादशहाचे पाप किंवा पराक्रम वारशाने कसा येईल? मुलाला सांगावे, "बाळ, तो माणूस होऊन गेला. त्याने केले त्याचा जाब त्याला आहे. तुला जाब विचारला जाईल तो तू आज काय केलेस याचा." आणि वर्गात कोणी टोमणा मारला तर त्यालाही हेच सांगण्याचे धैर्य मुलात यावे: जे झाले तो जुलूम होता, आणि तो मी केलेला नाही. दोन वाक्ये. पहिले वाक्य गाळून केवळ दुसरे म्हणणारा मुलगा पळवाट शोधतोय असे समोरच्याला वाटते. दुसरे गाळून केवळ पहिले म्हणणारा उगाच मान खाली घालून चालतो.

पूर्वजांच्या ओझ्याचा हा प्रश्न केवळ मुसलमानांचा आहे असेही समजू नये. याच चित्रपटात संभाजी महाराजांच्या पकडले जाण्यात शिर्के घराण्यातील व्यक्तींचा हात दाखवल्याबद्दल त्या घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका नावाखाली आज जगणाऱ्या माणसांनाही रस्त्यावर खाली पाहावे लागते, ही वेदना त्यांनाही कळली.

येथे एक वेगळा चित्रपट आठवतो. २००५ साली क्रूसेडच्या युद्धांवरील 'किंगडम ऑफ हेवन' हा इंग्रजी चित्रपट आला. त्यातील सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी उदार आणि न्यायी दाखवला आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो मोठ्या कौतुकाने पाहिला, मुलांना दाखवला. कौतुक योग्यच आहे. १०९९ साली क्रूसेडवाल्यांनी जेरुसलेम जिंकले तेव्हा तेथील मुसलमान आणि यहुदी रहिवाशांची भयंकर कत्तल केली होती. ८८ वर्षांनी, २ ऑक्टोबर ११८७ रोजी, सलाहुद्दीनने ते शहर परत घेतले तेव्हा त्या कत्तलीचा सूड घेतला नाही. ठरलेली खंडणी भरून ख्रिस्ती रहिवाशांना सुखरूप बाहेर पडू दिले. पण इतिहास तेवढ्यावर थांबत नाही. ज्यांना खंडणी भरता आली नाही असे हजारो गरीब गुलामीत गेले. त्याच वर्षी हित्तीनच्या लढाईनंतर रेनॉल्ड या क्रूर सरदाराला सुलतानाने स्वतःच्या हाताने मारले आणि दोन लढाऊ ख्रिस्ती पंथांच्या बंदिवान सैनिकांचीही कत्तल झाली. एकाच माणसाच्या खात्यात क्षमाही आहे आणि सूडही. आणि आपण जर सलाहुद्दीनची क्षमा 'आपली' म्हणून छातीला लावणार असू, तर औरंगजेबाची कृत्येही 'तुमची' म्हणून आपल्या दारात आणून टाकण्याचा अधिकार आपणच दुसऱ्याला देतो. अल-बकरहची ती आयत दोन्ही दारे बंद करते.

जुन्या युद्धाची कहाणी ऐकून आजची माणसे एकमेकांवर धावून जावीत, हे काही चित्रपटाच्या युगातच घडते असे नाही. मदीनेत औस आणि खजरज या दोन टोळ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वैर होते. हिजरतीच्या सुमारे ५ वर्षे आधी बुआस येथे त्यांची अखेरची मोठी लढाई झाली आणि दोन्हीकडचे कितीतरी प्रमुख लोक मारले गेले. पुढे दोन्ही टोळ्यांनी इस्लाम स्वीकारला, एका सफमध्ये नमाज पढू लागल्या. इब्ने इसहाक यांच्या सीरतमध्ये नोंद आहे की, एकदा या दोन्ही टोळ्यांचे लोक एकत्र बसून हसत-बोलत होते. त्यांची ही एकी ज्याला खुपत होती अशा एका माणसाने एका तरुणाला त्यांच्यात जाऊन बसायला सांगितले. त्या तरुणाने तेथे बसून बुआसच्या लढाईवरील कविता म्हणायला सुरुवात केली.

कवितेत काही खोटे नव्हते. लढाई झालेलीच होती, माणसे मेलेलीच होती. पण ऐकता ऐकता बसलेल्यांचे चेहरे बदलले. एकाने आपल्या टोळीची बढाई मारली, दुसऱ्याने उत्तर दिले. दोघे गुडघ्यांवर बसून एकमेकांसमोर आले आणि हवे तर पुन्हा सुरू करू, इथपर्यंत बोलणे गेले. शस्त्रे मागवली गेली. शहराबाहेरच्या काळ्या खडकाळ माळावर जमायचे ठरले. प्रेषितांना (सल्ल.) कळताच ते आपल्या साथीदारांसह धावत तेथे गेले. त्यांनी एवढेच विचारले की, मी तुमच्यामध्ये असताना आणि अल्लाहने तुम्हाला अज्ञानकाळातून बाहेर काढल्यानंतर तुम्ही पुन्हा त्याच काळाची हाक देत आहात काय? लोक भानावर आले, रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. सूरह आले-इमरानमधील १०० ते १०३ या आयतींच्या संदर्भात हा प्रसंग सांगितला जातो. अल्लाहची दोरी सर्वांनी मिळून धरण्याचा आदेश त्यांतच आहे.

या प्रसंगातील एका गोष्टीवर मला थांबावेसे वाटते. प्रेषितांनी (सल्ल.) ती कविता खरी की खोटी, बुआसला आगळीक कोणाची होती, कोणाचे अधिक लोक मेले, याचा निवाडा केला नाही. तो निवाडा करायला बसले असते तर रात्र झाली असती आणि तोवर तलवारी चालल्या असत्या. आपण मात्र नेमके तेच करत बसतो. चित्रपटातला अमुक प्रसंग कागदपत्रांत नाही, तमुक इतिहासकाराने असे लिहिले आहे, असे संदेश रात्रभर पाठवतो आणि आपल्याला वाटते की आपण दीनची सेवा करत आहोत. तो तरुण काय म्हणत होता यापेक्षा त्याला तेथे कोणी आणि कशासाठी बसवले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. आज तो तरुण आपल्या खिशात आहे, आणि त्याला पुढच्या गटात पाठवण्याचे बटण आपल्याच अंगठ्याखाली आहे. आपल्या बाजूची बुआसची कविता पुढे पाठवणारा आणि समोरच्या बाजूची पुढे पाठवणारा, दोघांनाही त्याच माळावर नेऊन उभे केले जाते.

कोणी म्हणेल, अरबस्तानातील टोळ्यांचे दाखले आम्हाला कशाला? तर आपल्याच चंद्रपूरकडे पाहू. गोंड राजांनी बांधलेला परकोट आजही शहराला वेढून उभा आहे. जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर आणि पठाणपुरा हे त्याचे चार दरवाजे. पठाणपुऱ्याच्या नावावरूनच कळते की या परकोटाच्या आत कोणाकोणाला जागा होती. साधारण औरंगजेबाच्याच काळात येथे बीरशाह नावाचा राजा होऊन गेला. परंपरा सांगते की, त्याची मुलगी देवगडच्या राजघराण्यातील दुर्गपालाला दिली होती आणि पतीने तिचा घोर अपमान केला. मुलीचा निरोप येताच बापाने शपथ घेतली की जावयाचे मस्तक महाकालीपुढे ठेवीन. युद्ध झाले, जावई मारला गेला, शपथ पुरी झाली. महाकाली मंदिराच्या शिखरावरील दगडी मस्तक त्याचेच, आणि ते देवगडच्या दिशेला पाहते, असे जुने लोक दाखवत. लेकीचा अपमान झालेल्या बापाचे दुःख कोणाला समजणार नाही? पण मुलगी विधवा झाली, तीही बापाच्याच हातून. पुढे बीरशाह स्वतः लग्नाच्या धामधुमीत आपल्याच पदरच्या एका राजपुताच्या हातून मारला गेला, असे तीच परंपरा सांगते. त्याच्या मागे राहिली राणी हिराई. पतीचा असा घात झालेली ही राणी आज चंद्रपूरकरांच्या स्मरणात आहे ती कोणाचे मस्तक आणवल्याबद्दल नव्हे. अंचलेश्वर दरवाजाजवळची पतीची भव्य समाधी आणि मंदिराची उभारणी यांमुळे तिचे नाव राहिले. दत्तक मुलगा लहान असताना तिने राज्यही सांभाळले. तिची श्रद्धा वेगळी, आपली वेगळी. पण रक्ताच्या मोबदल्यात रक्त मागण्याऐवजी तिने काय केले, हे पाहायला श्रद्धेची आडकाठी नाही.

ज्या देवगडशी हे वैर झाले, तेथलाच गोंड राजा बख्त बुलंद शाह. गादीच्या वादात त्याने मुघल दरबारी जाऊन इस्लाम स्वीकारला आणि औरंगजेबाकडून हे नाव मिळवले. अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहराचा पाया त्यानेच घातला. आणि हाच बख्त बुलंद पुढे औरंगजेब दख्खनच्या युद्धांत गुंतलेला पाहून मुघल मुलखावर चालून गेला, लूट केली. म्हणजे १७ मार्चच्या रात्री ज्या शहरात औरंगजेबाच्या नावावरून दगड उडाले, ते शहर वसवणारा राजा जन्माने गोंड, धर्माने मुसलमान आणि औरंगजेबाचा शत्रू होता. मुलाच्या "तो आपला होता का?" या प्रश्नात 'आपला' या शब्दाने किती गोंधळ केला आहे, ते यावरून दिसेल.

गडचिरोलीतील वाचकांना तर बदल्याचे चक्र समजावून सांगण्याची गरजच नाही. एप्रिल २०१८ मध्ये भामरागडच्या जंगलात कसनासूर-बोरिया परिसरात चकमक झाली आणि सुमारे ४० माओवादी मारले गेले. जानेवारी २०१९ मध्ये त्या चकमकीचे खबरे ठरवून कसनासूरच्या तीन गावकऱ्यांना ठार करण्यात आले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलिस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मरण पावले. या प्रत्येक आकड्यामागे एक आई आहे. त्यांपैकी कितीतरी आयांची भाषा एकच, माडिया किंवा मराठी. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या एका मोठ्या नेत्याने सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. जंगलातल्या गावांना तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना अहेरी-भामरागडच्या बाजारात बसणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांना अधिक असेल.

आता एक शंका. क्षमेचा आणि विसरण्याचा हा उपदेश नेहमी मार खाणाऱ्यालाच का केला जातो? शंका रास्त आहे. इस्लामने अन्यायग्रस्ताला गप्प बसायला सांगितलेले नाही. सूरह बनी इस्राईल (आयत ३३) मध्ये, जो अन्यायाने मारला गेला त्याच्या वारसाला हक्क दिला आहे आणि त्याच श्वासात त्याने मर्यादा ओलांडू नये, असेही बजावले आहे. नागपुरात ज्यांचे माणूस गेले, ज्यांची गाडी जळाली, ज्यांचे दुकान फुटले, ते हिंदू असोत की मुसलमान, त्यांनी न्यायालयात दाद मागावी, साक्षीदारांनी साक्ष द्यावी, समाजाने वकिलाचा खर्च उचलावा. आरोपी जिवंत आहे, पुरावा ताजा आहे, न्यायाधीश बसलेला आहे. याला सूड म्हणत नाहीत. सूड तेव्हा सुरू होतो जेव्हा गुन्हेगार सापडत नाही, किंवा कधीच मातीत गेलेला असतो, आणि आपण त्याच्या नावाचा, त्याच्या वस्तीचा, त्याच्या दाढीचा किंवा टिळ्याचा कोणी दुसरा शोधतो. संभाजी महाराजांचा वध करून औरंगजेबाला तरी काय मिळाले? त्यानंतर १८ वर्षे तो दख्खनेतच लढत राहिला, मराठे संपले नाहीत, आणि १७०७ साली अहमदनगरजवळ (आजचे अहिल्यानगर) त्याचा मृत्यू झाला. खुलताबादला शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात उघड्या आकाशाखाली त्याची साधी कबर आहे. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू बालपणापासून मुघल छावणीत कैदेत वाढले आणि त्याच वर्षी सुटले. सुटकेनंतर ते त्या कबरीवर पायी गेले, असे इतिहासकार नोंदवतात. ज्याचा बाप मारला गेला त्याने असे केले. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला दफनाचा मान मिळाला, तोही ज्याच्यावर वार झाला होता त्याच्याच राज्यात.

स्वतः प्रेषितांवर (सल्ल.) हा प्रसंग आला तो हिजरी ३ मध्ये, उहुदच्या मैदानात. चुलते हजरत हमजा (रजि.) यांचा देह शत्रूने चिरला होता, नाक-कान कापले होते. ते पाहून प्रेषितांना झालेले दुःख सीरतच्या ग्रंथांत वर्णिलेले आहे; संधी मिळाली तर शत्रूच्या कितीतरी माणसांची अशीच दशा करू, असे उद्गारही त्या दुःखात निघाले, असे रिवायतींत येते. तेव्हा सूरह अन-नह्लच्या १२६ व्या आयतीचे मार्गदर्शन झाले: शिक्षा द्यायचीच तर झाली तेवढीच द्यावी, आणि धीर धरला तर धीर धरणाऱ्यांसाठी तेच उत्तम. प्रेषितांनी धीर निवडला. ५ वर्षांनी मक्का त्यांच्या हाती आली. हमजांना भाला फेकून मारणारा वहशी पुढे त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, त्याने इस्लाम स्वीकारला आणि त्याला हात लावला गेला नाही. प्रेषितांनी त्याला एवढेच सांगितले की जमेल तर माझ्या नजरेसमोर येऊ नकोस. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. क्षमा केली म्हणजे दुःख संपले असे नाही. काळजातली जखम होती, आणि हात मात्र आवरलेला होता. 'छावा' पाहून ज्या मराठी माणसाच्या डोळ्यांत पाणी आले, त्याला "विसरून जा" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याचे दुःख समजून घेता येते. आपल्या मुलालाही तेच शिकवावे.

हिजरी १० मध्ये, अखेरच्या हजच्या वेळी, अरफातच्या मैदानात प्रेषितांनी (सल्ल.) जे प्रवचन दिले त्यातील एक भाग आपल्या मिंबरांवरून कमी सांगितला जातो. अज्ञानकाळातील रक्ताचे सर्व दावे आज पायाखाली टाकले, असे जाहीर करताना त्यांनी पहिला दावा रद्द केला तो आपल्याच घराण्याचा. त्यांचे चुलतभाऊ रबीआ बिन हारिस यांचा एक तान्हा मुलगा होता. दूध पिण्यासाठी दुसऱ्या टोळीत ठेवलेला असताना हुजैल टोळीच्या हातून तो मारला गेला होता. त्या बाळाच्या रक्ताचा दावा बाकी होता. सर्व अरबस्तान हाताखाली होते, वसूल करायचे मनात आणले असते तर कोणी अडवले नसते. हजारो लोकांसमोर त्या बाळाचा उल्लेख करून तो दावा सोडून देण्यात आला. इतरांचे दावे त्यानंतर.

या रमजानपूर्वी घरातील मोठ्यांनी मुलांना घेऊन एका संध्याकाळी बसावे. बुआसची कविता, वहशीचे प्रसंग आणि रबीआंच्या बाळाची हकीकत त्यांना सांगावी. मोबाइलमधले गट उघडून त्यांच्यासमोरच तपासावेत आणि जे पुढे पाठवण्यासारखे नाही ते पुसून टाकावे. शक्य असल्यास एका रविवारी त्यांना परकोटावर न्यावे, जटपुऱ्यापासून पठाणपुऱ्यापर्यंत चालावे, आणि शेजारच्या घरातील मुलांनाही बरोबर घ्यावे. हिराईच्या समाधीपाशी कोणी विचारले की हे कोणी बांधले, तर मुलांनाच सांगू द्यावे.

या अल्लाह, नागपुरात जे गेले त्यांच्यावर दया कर, जे जखमी झाले त्यांना, पोलिसांसह, बरे कर, ज्यांची रोजी जळाली त्यांना दुप्पट दे, आणि कसनासूर व जांभुळखेड्याच्या आयांना सब्र दे. आमीन.